जुन्या झेनचे पुढचे ब्रेक: मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर बसवावा का?

कोथरूडकर_९८

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९८ सालची मारुती झेन आहे. गाडी वडिलांनी घेतलेली असून इंजिन आजही उत्तम चालते, पत्रा शाबूत आहे आणि २०२३ मध्ये नोंदणीचे नूतनीकरणही झाले आहे. त्यामुळे निदान २०२८ पर्यंत तरी ती काढण्याचा विचार नाही. शहरात तिचा वापर कमी होतो, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घाट उतरावा लागतो आणि प्रश्न तिथेच उभा राहिला आहे.

नुकताच पाचगणीहून परत येताना पसरणी घाट उतरत होतो. गाडीत चार मोठी माणसे आणि मागे सामान होते, गिअर बहुतेक वेळ तिसरा होता. वाईजवळच्या शेवटच्या वळणांवर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले. दोन-तीनदा पंप केले की ते वर येई, पण पुढच्या वळणावर पुन्हा तसेच होई, आणि जळकट वासही येत होता. पायथ्याशी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. त्यानंतर पेडल पूर्ववत झाले आणि पुण्यापर्यंत कसलाही त्रास झाला नाही.

आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की, या गाडीची डिस्क मुळातच लहान असल्यामुळे एस्टीम या मारुतीच्याच मोठ्या गाडीची मोठी डिस्क (चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती) आणि कॅलिपर (त्या चकतीवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) बसवावा. माल नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात मिळेल आणि थोडे ब्रॅकेटचे काम करून तो बसवता येईल, असे ते सांगतात. माझे मामा मात्र, चांगले पॅड टाक आणि गप्प बस, या मताचे आहेत. गाडीला सध्या १३ इंची चाके आहेत, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) अर्थातच नाही. पैसे खर्च करण्याची तयारी आहे, पण ज्या गाडीतून घरची माणसे जातात तिच्या ब्रेकवर प्रयोग करायचा नाही. मोठ्या डिस्कने नेमका काय फरक पडतो, आणि माझ्या अडचणीवर तोच उपाय आहे का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

---

यंत्रवेध

नमस्कार. आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेडल खाली गेले आणि थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत झाले.

घाटात तापून ब्रेक दोन वेगळ्या प्रकारांनी साथ सोडतात आणि ते दोन्ही पायाला वेगळे जाणवतात. पॅडचे मटेरियल क्षमतेबाहेर तापले तर पेडल घट्टच राहते, आपण जोर लावत राहतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळले तर पेडल मऊ होऊन खाली जाते, कारण कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाचा बराचसा जोर पॅडपर्यंत न पोहोचता ती वाफ दाबण्यातच जातो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते आणि काही झालेच नाही असे वाटते. आपल्या गाडीत हा दुसरा प्रकार घडला आहे, याबद्दल मला फारशी शंका नाही.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावे असा निकष आहे, पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरले की हा आकडा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे जुने झालेले डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही लवकर उकळते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते आणि ऑइल 'कमी झाले की वरून टाकायचे' ही पद्धत सर्रास आहे. बॉनेटखालच्या बाटलीत वरून ताजे टाकलेले ऑइल कॅलिपरपर्यंत पोहोचत नाही. तिथे वर्षानुवर्षे तेच जुने ऑइल बसलेले असते, आणि सर्वांत जास्त तापते तेच.

आता डिस्कच्या आकाराकडे येऊ. डिस्क मोठी झाली की पॅड केंद्रापासून दूर पकड घेतात, त्यामुळे तेवढ्याच दाबात चाक थांबवण्याचा जोर वाढतो. शिवाय लोखंडाचे वजन वाढल्याने तेवढ्याच उष्णतेत डिस्क कमी तापते. हे दोन्ही फायदे खरे आहेत. परंतु 'गाडी कमी अंतरात थांबेल' ही जी समजूत असते, ती बहुतेक वेळा चुकीची ठरते. गाडी अखेर टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीवर थांबते. कोरड्या, पूर्ण मोकळ्या जागी ४० च्या वेगाने जाताना जोरात ब्रेक दाबल्यावर आपली पुढची चाके लॉक होत असतील, तर ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यापुढचा जोर फक्त चाक आणखी लवकर लॉक करतो, आणि एबीएस नसलेल्या गाडीत लॉक झालेल्या चाकांनी स्टिअरिंगही हातचे जाते.

उष्णतेचा हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. माणसे आणि सामान धरून गाडी १,००० किलोची मानू. ताशी ६० किलोमीटर वेगावरून ती एकदा थांबवताना सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. त्यातली ७० टक्के पुढच्या ब्रेकवर आली आणि पुढच्या दोन डिस्क मिळून ८ किलो धरल्या, तर एका थांब्याने त्यांचे तापमान साधारण २६ अंशांनी वाढते. हे काहीच नाही. पण पाचगणी ते वाई उंचीचा फरक सुमारे ६०० मीटर आहे. तेवढे उतरताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती ६० वरून ४२ वेळा थांबण्याइतकी होते, आणि मध्ये गार व्हायला उसंत मिळत नाही. त्यातला काही भाग टायर आणि हवा घेतात. उरलेला भाग इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे गिअर ठरवतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला बरेच धरून ठेवते, तिसऱ्यात त्या मानाने फारच कमी.

म्हणून माझा आग्रह आहे की, काहीही बदलण्यापूर्वी आधी असलेले ब्रेक मूळ स्थितीत आहेत का ते तपासावे. चारही चाके काढा. प्रत्येक कॅलिपरमधला आतला आणि बाहेरचा पॅड यांची जाडी वेगवेगळी मोजा. दोहोंत ठळक फरक असेल तर कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना जाम आहेत असे समजावे. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजा, कारण व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या झिजेने उरलेल्या कडेवर टेकतात आणि माप फसवे येते. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. पुढचे रबरी होज पाइप वाकवून त्यांना भेगा आहेत का ते पाहा. ते आतून फुगले असतील तर दाबलेले ऑइल लवकर परत येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक विनाकारण तापते. शेवटी मागचे ड्रम उघडा; मागच्या चाकांना डिस्कऐवजी हे डबे असतात आणि आतून लायनर त्यांना घासून चाक थांबवतात. मागचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले असतील तर पेडल लांब जाते आणि मागचे काम पुढच्या ब्रेकवर पडते. पुढच्या ब्रेकच्या कितीतरी तक्रारींचे मूळ मागच्या ड्रममध्ये असते, आणि गॅरेजमध्ये तो ड्रम मात्र क्वचितच उघडला जातो.

---

घाटवाट

यंत्रवेध यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण मोठ्या ब्रेकची बाजूही मांडली पाहिजे. मी माझ्या एका जुन्या गाडीला मोठ्या डिस्क बसवल्या आहेत आणि ताम्हिणी किंवा वरंधा घाट सलग उतरताना त्याचा फायदा स्पष्ट जाणवतो. पेडलचा स्पर्श शेवटपर्यंत एकसारखा राहतो. ज्यांची गाडी नेहमी भरलेली असते, ज्यांनी रुंद टायर घातले आहेत, त्यांच्यासाठी हा बदल निरर्थक नाही.

मात्र 'थोडे ब्रॅकेटचे काम' हे शब्द ऐकले की मला काळजी वाटते. कॅलिपर ज्या नकलवर, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागावर, बसतो त्यावर ब्रेक मारताना प्रचंड बल येते. त्या नकलला वेल्डिंग करून कान जोडणे मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. तो भाग ओतीव किंवा घडीव असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा पोत बदलून तिथे तडा जाऊ शकतो. ब्रॅकेट लागणारच असेल तर ते जाड पोलादी प्लेटमधून मशीनवर कापलेले असावे आणि बोल्टच्या डोक्यावर १०.९ चा, म्हणजे जास्त मजबुतीचा, शिक्का असावा. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर यायला हवा. मिलिमीटरभर जरी बाजूला गेला तरी पॅड तिरके झिजू लागतात. कॅलिपर आणि रिमच्या आतल्या बाजूत मोकळी जागा किती राहते, हे १३ इंची चाकात आधी पुठ्ठ्याचा साचा करून पाहावे, कारण सगळे बसवल्यावर चाकच फिरत नाही हे कळणे फार महागात पडते.

दुसरे म्हणजे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. समजा जुन्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा आहे आणि नवा ५४ चा. व्यासात फरक ६ मिलिमीटरचाच दिसतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढते. पिस्टन तेवढाच पुढे सरकवायला २७ टक्के जास्त ऑइल लागते आणि ते जुन्याच मास्टर सिलिंडरने ढकलायचे म्हणजे पेडल आणखी खाली जाणार. पेडल खाली जाते म्हणून ब्रेक बदलायचे आणि बदलल्यावर ते कायमच खाली राहायचे, असे होऊ नये. त्याचबरोबर पुढचा जोर वाढला आणि मागचा तेवढाच राहिला, तर पुढची चाके लवकर लॉक होतात, मागच्या टायरची पकड वाया जाते आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. कंपनी हा पुढचा-मागचा तोल रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत तपासून घेते. गॅरेजमध्ये जमवलेला संच कोणीच तपासलेला नसतो, तो आपण पहिल्यांदा घाटात तपासतो.

जुन्या बाजारातून कॅलिपर आणणार असाल तर पिस्टन बाहेर काढून पाहिल्याशिवाय घेऊ नका. रबराखालच्या भागात गंजाचे खड्डे दिसले तर तो सोडून द्या. नवे सील किट टाकूनही तो गळणार. डिस्क मात्र नवीच घ्यावी, आणि दोन्ही बाजूंची एकाच वेळी.

---

आरसीबुक

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. प्रमाणपत्रात कॅलिपरचा उल्लेख नसतो, हा युक्तिवाद अनेक जण करतात. परंतु अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी पाहतो तेव्हा ब्रॅकेट लावून बसवलेला दुसऱ्या गाडीचा ब्रेक त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि दाव्याचा वाद तिथेच सुरू होतो. २०२८ मध्ये आपली गाडी पुन्हा पासिंगला जाणार आहे, हेही लक्षात असू द्यावे.

---

सिंहगडरोडवासी

मी रोज कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरतो. त्या उतारावर इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारी अवजड वाहने आणि त्यांचे अपघात पुणेकरांना नव्याने सांगायला नकोत. कारण तेच आहे: इंजिनाचा आधार काढून घेतला की सगळा भार ब्रेकवर येतो. छोट्या गाडीलाही हाच नियम लागू आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, ही जुन्या चालकांची शिकवण मी आजही पाळतो. सिंहगडावरून उतरताना तर पहिला-दुसरा सोडून वर जातच नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. वेग वाढला की थोडा वेळ ठामपणे दाबावा आणि पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

मामांचा सल्लाही अगदीच टाकाऊ नाही. पण पॅड घेताना खोक्यावरचे सील आणि पॅडच्या पाठीवरचा छापील क्रमांक पाहूनच घ्यावेत. नाना पेठेत अस्सल माल भरपूर मिळतो, तसा हुबेहूब खोक्यातला डुप्लिकेटही मिळतो, आणि घाटात तो पॅड पहिल्या चार वळणांतच ओळखू येतो.

---

कोथरूडकर_९८

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कोणी लिहील असे वाटले नव्हते. काल गॅरेजमध्ये स्वतः उभे राहून चारही चाके काढून घेतली.

उजव्या पुढच्या कॅलिपरची खालची पीन पूर्ण जाम होती. हातोडीने हळूहळू ठोकून ती बाहेर काढावी लागली आणि तिच्यावर ग्रीसऐवजी तपकिरी पूड होती. त्या बाजूचा आतला पॅड पत्र्यापासून जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता, तर बाहेरचा निम्म्याहून अधिक शिल्लक होता. डावीकडे दोन्ही पॅड जवळजवळ सारखे होते. दोन्ही डिस्क कोरलेल्या किमान आकड्याच्या खाली गेल्या आहेत; कडेला बोटाने सहज जाणवेल अशी उंच धार आली आहे. मागचे ड्रम उघडल्यावर डावीकडचा ॲडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारा भाग) गंजून बसलेला निघाला. ब्रेक ऑइल ब्लीडरमधून (चाकाजवळच्या, ऑइल बाहेर काढण्याच्या स्क्रूमधून) काढले तेव्हा ते काळपट होते आणि तळाशी बारीक गाळ होता.

ही स्थिती पाहून गॅरेजवाल्यांनीच एस्टीमचा विषय मागे घेतला. आता झेनच्याच नव्या डिस्क, पॅड, पिना व रबरांचे किट, पुढचे दोन्ही होज, मागचे लायनर आणि ॲडजस्टर असे सामान लिहून घेतले आहे. दोन शंका उरल्या आहेत. डॉट ३ ऐवजी डॉट ४ टाकले तर जुन्या रबरांना त्रास होईल का? आणि नवे पॅड बसवल्यावर लगेच घाटात जावे का?

---

यंत्रवेध

जाम पिनेमुळे उजवा आतला पॅड डिस्कला सतत घासत होता. पॅड जेवढा पातळ, तेवढी डिस्कची उष्णता पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे सहज जाते. त्यात डिस्क झिजलेली, म्हणजे उष्णता साठवायला लोखंडही कमी. मागचा एक ब्रेक जवळजवळ कामच करत नव्हता. एवढे सगळे जुन्या ऑइलवर आल्यावर ते उकळले यात नवल नाही. मोठी डिस्क बसवली असती तरी मागचा गंजलेला ॲडजस्टर आणि कॅलिपरवरच्या होजमधले जुने ऑइल तसेच राहिले असते.

डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही ग्लायकॉल वर्गातील असल्याने एकमेकांत मिसळले तरी चालते आणि त्या काळच्या रबरांनाही डॉट ४ चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. नावातला पुढचा आकडा पाहून ते चुकूनही घेऊ नये. सीलबंद लहान बाटल्या घ्या, उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, आणि चारही चाकांच्या ब्लीडरमधून स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत जुने काढा. पुढचे पिस्टन आत ढकलताना ब्लीडर उघडा ठेवला तर कॅलिपरमधला गाळ वर मास्टर सिलिंडरकडे जाणार नाही. ऑइल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सोलतो. यापुढे दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

मागचे लायनर आणि ॲडजस्टर बसवल्यावर आधी मागचे ब्रेक नीट ॲडजस्ट करून घ्या, मगच हँडब्रेकची केबल ताणा. केबल ताणून पेडल वर आणण्याचा मार्ग काही जण धरतात, पण त्याने ॲडजस्टर काम करेनासा होतो.

लगेच घाटात जाऊ नये. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढा. पहाटे रिकाम्या, सरळ रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. दोन वेळांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू द्या. असे दहाएक वेळा केल्यावर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी चालवून डिस्क थंड करा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभे राहिल्यास पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर ब्रेक मारताना थरथर येते. त्यानंतर आठवडाभर शहरात चालवून, चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून आणि बाटलीतली पातळी पाहून मग खुशाल पाचगणीला जा. वाईला उतरल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा, स्पर्श करू नका. दोन्हीकडची धग सारखी लागली पाहिजे. उजवीकडे जास्त लागली तर ती पीन पुन्हा काढून पाहावी लागेल.